चार शिखरांची नोंद

वीस नोव्हेंबरला, गुरुवारी, संध्याकाळी पाच वाजता फिनिक्सच्या ईशान्येकडची चारही शिखरं पांढरी दिसली. दोन दिवस तिथे पाऊस होता, ढग खाली उतरले होते, डोंगर दिसतच नव्हता. ढग उठले आणि खालून बर्फ निघाला. डोंगराचा वरचा तिसरा हिस्सा झाकलेला, मधल्या घळींमधून पांढरे ओघळ, आणि खाली शहर तसंच: खजुराची झाडं, निळे पोहण्याचे तलाव, वाळूच्या रंगाची घरं. मी वहीत तारीख घातली, वेळ घातली आणि लिहिलं, ‘शिखरांवर बर्फ. या हंगामातला पहिला.’

मी अमेरिकेतल्या फिनिक्सला कधी गेलेलो नाही. बसलो होतो नेदरलँड्समधल्या बेस्ट नावाच्या गावात, मुलाच्या घरी, सुनेच्या जुन्या लॅपटॉपसमोर. फिनिक्सच्या कुठल्याशा गच्चीवर एक कॅमेरा लावलेला आहे, त्याचं चित्र कुणालाही बघता येतं. आमचे पाच म्हणजे तिथले सकाळचे नऊ. सप्टेंबरपासून मी तो डोंगर रोज बघत होतो, कारण माझा मुलगा प्रसन्न त्या शहरात कामावर होता, आणि त्याला बघता येत नव्हतं तर निदान त्याला दिसतं ते तरी बघावं, असा माझा हिशेब होता.

मी हवामान खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक होतो. निरीक्षक म्हणजे अंदाज सांगणारा नव्हे. अंदाज सांगणारे वेगळे, त्यांना लोक शिव्या देतात. निरीक्षक ठरल्या वेळी बाहेर जातो, बघतो, लिहितो. त्याला कोणी काहीच देत नाही. निवृत्तीनंतर ती सवय सुटली नाही, म्हणून वही माझ्याबरोबर इकडेही आली. बेस्टमध्ये मात्र तिला फार काम नव्हतं. आकाशाचे आठ भाग धरून ढग किती ते लिहायचं असतं. इथे मी खुर्चीतून न उठता आठपैकी आठ लिहायचो. जमीन पोळपाटासारखी सपाट. सगळ्यांत उंच जागा म्हणजे हमरस्त्यावरचा सायकलींचा पूल, तोही उतरताना लक्षात येतो.

आम्ही, म्हणजे मी आणि जयंती, नऊ सप्टेंबरला आलो. प्रसन्न इथल्या एका लहान कंपनीत, चिप बनवायच्या यंत्रांची जोडणी करणारा इंजिनिअर. जुलैमध्ये त्याला फिनिक्सला पाठवलं होतं आणि सप्टेंबरअखेर तो परत यायचा होता. पण तीस तारखेला फोन आला: मुदत वाढली, एकतीस डिसेंबरपर्यंत. आमचं परतीचं विमान सहा डिसेंबरचं. व्हिसा तेवढाच. ज्याला भेटायला आलो त्याला न भेटताच परत जायचं, असा तो मामला होता. मागच्या फेब्रुवारीत माझं बायपास झालं. पुन्हा एवढा प्रवास करायला डॉक्टर परवानगी देतील असं वाटत नाही, आणि दिली तरी मी निघेन असं वाटत नाही. जायच्या आधी त्याला एकदा समोर बसलेला बघायचा, बाकी काही मागणं नव्हतं.

त्या गुरुवारी सहाला त्याचा फोन आला. रोज सहालाच यायचा. पडद्यावर तोच चेहरा, मागे तोच ओढलेला पडदा.

“काय बाबा, गोळ्या घेतल्या?”

“घेतल्या. तू कसा आहेस?”

“मी काय. आत्ताच रात्रपाळी संपवून आलो. झोपणार आता.”

“हवा कशी आहे?”

“मस्त. सोळा डिग्री. ऊन पडलंय.”

सोळा बरोबर होतं, मीही बघितलं होतं. “आणि डोंगर?”

“डोंगर काय, आहेत डोंगर.”

“दिसतायत कसे?”

“कसे दिसणार? कोरडे, तपकिरी. रोज येताना गाडीतून दिसतात, आता लक्षही जात नाही.”

“आजही तसेच होते?”

“हो ना बाबा. ते कुठे जाणार आहेत?”

जयंतीनं फोन माझ्या हातातून घेतला. “नाश्ता केलास का?”

“केला, आई.”

“काय केलास?”

“ब्रेड.”

“रोज ब्रेडच,” ती म्हणाली आणि आत गेली. जाताना फोन तिनं सुनेच्या, नीलांबरीच्या, हातात दिला. नीलांबरीचा पाय स्टुलावर होता. आम्ही आल्यावर तिसऱ्याच दिवशी ती ओल्या पानांवरून सायकलसकट घसरली होती. सहा आठवडे प्लास्टर, मग कुबड्या, आता एक काठी. ती आणि प्रसन्न दोन मिनिटं जेवणाबिवणाचं बोलले. दोघांचेही आवाज असे, की जणू कुणीतरी वाचायला लावलंय.

मी पुन्हा कॅमेरा उघडला. बर्फ होताच. आंधळ्यालाही दिसला असता.

वहीच्या मागच्या पानांवर मी माणसांच्या नोंदी ठेवतो. समोरच्या घरातले डच म्हातारबुवा दिवसातून किती वेळा खिडकीची काच पुसतात, सुपरमार्केटातली कोणती मुलगी पिशवी हवी का विचारते आणि कोणती नुसती बघते. निरुपद्रवी उद्योग आहे. त्या रात्री जेवणाआधी ती पानं मागे चाळत गेलो, आणि माझीच मला लाज वाटत गेली. सगळं लिहिलेलं होतं. बघितलं नव्हतं, एवढंच.

सात ऑक्टोबर: ‘प्रसन्नचं जाड निळं जाकीट खुंटीवर नाही. नीलांबरी म्हणते, धुवायला दिलंय.’ सहा आठवडे झाले, जाकीट धुऊन आलं नाही. सव्वीस ऑक्टोबर: ‘इथली घड्याळं एक तास मागे केली. फिनिक्सची करत नाहीत. फोन तरीही सहालाच.’ ज्याची पाळी तिथल्या घड्याळानं सुटते त्याचा फोन त्या दिवसापासून पाचला यायला हवा होता. मी पुढे कंसात लिहिलं होतं, शिस्त. आणि पाडव्याचं पान: ‘जयंती व नीलांबरी राजनच्या गाडीतून ब्रेडाला, मंडळाच्या फराळाला. मला सर्दी. परत सात वाजता. दोघींचे डोळे लाल. गाडीतल्या हीटरमुळे, म्हणाल्या.’

राजन म्हणजे प्रसन्नचा कॉलेजातला मित्र. इथून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर ब्रेडाला राहतो, एका गोदामांच्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम बघतो, लग्न झालेलं नाही. दर शनिवारी नीलांबरीच्या पायाची चौकशी करायला यायचा आणि जाताना डबा न्यायचा. एकट्या माणसाच्या मानानं डबा मोठा असायचा, पण तरुण माणूस, बाहेरचं खाऊन कंटाळलेला, म्हणून मी तेही सोडून दिलं होतं.

बावीसच्या शनिवारी मी सोडलं नाही. राजन आला, बूट काढले, “काका, कसे आहात,” म्हणाला आणि बसल्याबसल्या त्याला जांभई आली. तोही दमलेलाच दिसत होता. मी त्याच्यासमोर पोह्यांची बशी ठेवली, वर चमचाभर शेंगदाण्याची चटणी घातली.

त्यानं बशी दोन बोटांनी मागे सारली. “काका, सॉरी. शेंगदाणा नाही चालत मला. घसा सुजतो. गेल्या वर्षी ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली होती.”

“अरेरे. मला माहीत नव्हतं,” मी म्हणालो, आणि दुसरी बशी आणायला स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर त्याचा डबा भरून ठेवला होता. चौदा पोळ्या, कोरडी मेथी, आणि स्टीलच्या गोल डबीत, काठोकाठ, शेंगदाण्याची चटणी.

मी डबी उचलून बाहेर आणली. “मग हे कुणासाठी?”

राजननं नीलांबरीकडे पाहिलं. नीलांबरीनं काठीकडे पाहिलं.

“ऑफिसात एक जण आहे,” राजन म्हणाला. “त्याला आवडते.”

“महाराष्ट्राचा?”

“हो. म्हणजे, आहे आपला.”

“मेथी पण त्यालाच?”

“काका, तुम्ही पण ना,” राजन म्हणाला आणि हसायचा प्रयत्न केला. मी डबी परत जागेवर ठेवली, झाकण घट्ट बसवलं. चटणीत लसूण जास्त होती. प्रसन्नला तशीच लागते, लहानपणापासून.

त्या रात्री मी छताकडे बघत पडलो नाही, मला झोप लागते. पण सकाळी उठलो तेव्हा दमलेला होतो. मुलगा हजारो कोसांवर आहे म्हणून अडीच महिने मी त्याचं वाळवंट राखत बसलो होतो, आणि तो होता आगगाडीनं तासाभरावर. का, हे कळायला फार अक्कल लागत नव्हती. इथल्या राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली तर दुसरी शोधायला तीन महिने मिळतात, नाही मिळाली तर गाशा गुंडाळायचा. नीलांबरीनंही, कारण तिचा परवाना त्याच्यावर टेकलेला. सोपं गणित. मला काळजी वाटली ती जयंतीची. तिला हे कसं सांगायचं? तिचा रक्तदाब, तिचं ते रोजचं नाश्ता केलास का. तिच्यासमोर हे मांडायचं म्हणजे शब्द मोजून वापरायला हवे होते.

रविवारी दुपारी मी तिला कालव्यावर फिरायला नेलं. पाऊस नव्हता, पण नुकताच थांबलाय की आता सुरू होणार आहे हे सांगता येऊ नये अशी हवा. ढग आठपैकी आठ.

“बस जरा,” मी म्हणालो.

“बाक ओलं आहे.”

“मग उभी राहा. एक सांगायचंय. घाबरू नकोस.”

“तुम्ही घाबरलायत का?”

“प्रसन्न फिनिक्सला नाही.”

ती कालव्यातल्या बदकांकडे बघत राहिली. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. तिनं कानटोपी घातली होती.

“अगं, तो ब्रेडाला आहे. राजनकडे. त्याची नोकरी गेली असणार.”

“तीस सप्टेंबरला,” जयंती म्हणाली.

एक लांबलचक मालवाहू बोट आली, तिच्यावर वाळूचा ढीग होता. ती सावकाश पुढे निघून गेली.

“तुम्हाला कुणी सांगितलं? राजननं?” तिनं विचारलं.

“बर्फानं. फिनिक्सच्या डोंगरांवर बर्फ पडलाय. तो म्हणतो, कोरडे आहेत.”

“मी त्याला शंभरदा बजावलं होतं,” ती म्हणाली, “बाबांशी हवेचं बोलू नकोस, बाकी काय वाटेल ते सांग.”

“तुला कधीपासून माहीत आहे?”

“नीलांबरीनं दसऱ्याला सांगितलं. तुमचा फोन झाला ना त्याच्याशी, तीस तारखेला? त्या दिवशी तो सांगणारच होता. त्यानं फोन लावला, आणि तो काही बोलायच्या आत तुम्ही तुमचं ईसीजी सुरू केलंत. ठोका चुकतोय, डॉक्टर म्हणाले जपा. मग त्याच्या तोंडून निघालं, मुदत वाढली.”

“आणि मग?”

“मग काय? मुदत वाढलेला माणूस घरी येऊन कसा बसणार? आठवड्याभरात दुसरी मिळेल म्हणाला, तोवर राजनकडे राहतो. आठवड्याचे सात झाले.”

बायको अडाणी माणसासारखी रोज सहा वाजता विचारायची, नाश्ता केलास का. फिनिक्सला सकाळचे दहा वाजलेले असतात हे डोक्यात ठेवून, ब्रेडाच्या मुलाला, न चुकता. एकदाही जेवलास का असं तोंडातून गेलं नाही. चौतीस वर्षं मी स्वतःला काटेकोर समजत होतो.

“पाडव्याला तू त्याला भेटलीस,” मी म्हणालो.

“नीलांबरीनं ओवाळलं त्याला. राजनच्या त्या एका खोलीत. दिवा लावला तर धुराचा भोंगा वाजायला लागला, मग खिडकी उघडून, थंडीत.”

“आणि मला सर्दी होती.”

“तुम्हाला सर्दी होती हे आमचं नशीब.”

मला तिचा राग आला होता असं म्हणता येणार नाही. हेवा वाटला. तिच्याकडे एक नोंद होती, माझ्याकडे नव्हती.

“कसा दिसतो?”

“दमलेला.” तिनं कानटोपी सारखी केली. “सगळेच दमलोय हो. त्या पोरीनं एका पायावर दोन घरं सांभाळायची, राजननं डबे वाहायचे, मी रोज ब्रेडची चौकशी करायची. तुम्ही एकटेच ताजेतवाने आहात घरात.”

“मला का नाही सांगितलं?”

“डॉक्टर म्हणाले होते, ताण नको.”

“आणि तुम्हाला?”

“आम्हाला कुठे कोण काय म्हणालं?” ती चालायला लागली. “आता तुम्हीही कळल्याचं दाखवू नका. नोकरी मिळाली की मी स्वतः येऊन बाबांना सांगतो, असं म्हणालाय. तीन इंटरव्ह्यू झालेत, तिसऱ्याचं उत्तर यायचंय.”

“आणि सहा तारखेपर्यंत नाही मिळाली तर?”

उत्तर मला माहीत होतं. सहा तारखेला राजन आम्हाला विमानतळावर सोडणार, सहा वाजता फोन येणार, मागे ओढलेला पडदा. गोळ्या घेतल्या का, बाबा?

घरी आलो तेव्हा नीलांबरी लॅपटॉपवर काम करत होती. आमचे चेहरे बघून तिनं लॅपटॉप मिटला. जयंती तिला एवढंच म्हणाली, “कळलं.” नीलांबरीनं मान मागे टेकून डोळे मिटले. मग म्हणाली, “बाबा, चहा करू?” मी म्हटलं, मी करतो. अडीच महिन्यांत त्या घरात पहिल्यांदा कुणी कुणाला काही सांगायचं बाकी नव्हतं, आणि बोलायची ताकदही नव्हती.

त्या दिवशी सहाचा फोन मी घेतला नाही, आंघोळीला गेलोय असं सांगायला लावलं. वही उघडून बसलो.

आमच्या कामात एक पद्धत होती. रजिस्टरमध्ये चुकीचा आकडा पडला तर खोडायचा नाही. रबर नाही, गिरवणं नाही, पांढरा रंग तर नाहीच. चुकीच्या आकड्यावर एक आडवी रेघ, अशी की खालचा आकडा वाचता यावा. वर खरा आकडा, बाजूला सही. चूक झाली याचं कुणाला काही नसायचं, रोज कुणाची ना कुणाची व्हायची. साहेब ओरडायचे ते चूक झाकली तर. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे बाहेर न जाता, यंत्र न बघता, खुर्चीत बसून भरलेला आकडा. त्याला आम्ही घरबसा आकडा म्हणायचो.

गुरुवारच्या पानावर मी दोन ओळी लिहिल्या.

‘फिनिक्स, कॅमेरा: चारही शिखरांवर बर्फ.’

‘फिनिक्स, जागेवरचा निरीक्षक (प्रसन्न): कोरडी, तपकिरी.’

त्याखाली लिहिलं: ‘दोन नोंदींत मेळ नाही. जागेवरच्या निरीक्षकानं वहीवर येऊन दुरुस्ती करावी. मुदत सहा डिसेंबर.’

एवढ्यावर थांबणार होतो. पण ते सरकारी नोटिशीसारखं दिसत होतं, आणि तो माझा मुलगा होता, कनिष्ठ निरीक्षक नव्हे. म्हणून पुढे लिहिलं:

‘तू दोन वर्षांचा असताना आपण तालुक्याच्या गावी होतो. जानेवारीत तुला ताप चढला, रात्रभर आम्ही दवाखान्यात. सकाळी साडेआठचं तापमान मी घेतलं नाही. साडेदहाला पोचलो आणि रजिस्टरमध्ये साडेआठच्या रकान्यात चौदा पूर्णांक दोन असा आकडा भरला. घरबसा. पुढे दुरुस्त करायचं धाडस झालं नाही. त्या दिवसाचं तापमान अजून तसंच आहे, कुणीतरी कुठेतरी त्याची सरासरी काढत असेल. हे तुझ्या आईलाही माहीत नाही. मला त्याचं फार वाटत नाही. पण कुणी दुरुस्त करायला बोलावलं असतं तर गेलो असतो.’

पानाचा फोटो काढून त्याला पाठवला. त्यानं वाचल्याची खूण दोन मिनिटांत आली. उत्तर आलं नाही.

सोमवारी पाच वाजता मी कॅमेरा बघितला. बर्फ कमी झाला होता, डाव्या शिखराची उन्हाकडची बाजू उघडी पडली होती. नोंद केली. साडेपाचला पाऊस लागला. सहा वाजले, फोन आला नाही. जयंती सोफ्यावर लसूण सोलत होती. सहा वाजून दहा मिनिटांनी तिनं सुरी खाली ठेवली.

“काय लिहिलंत तुम्ही त्याला?”

“कामाचं.”

“तुमचं कामाचं मला माहीत आहे.”

इथल्या घरांच्या पुढच्या खिडक्या मोठ्या असतात आणि त्यांना कुणी पडदे लावत नाही. आत बसलेला माणूस बाहेरून दिसतो, बाहेर उभा असलेलाही आतून दिसतो. साडेसहाला मला बाहेर सायकलींच्या मांडवाशी, दिव्याखाली, निळं जाकीट दिसलं. तो तिथे उभा होता, पाठीवर पिशवी, हातात राजनचा डबा, डोक्यावर काही नाही. पाऊस सरळ पडत होता. घराची किल्ली त्याच्याकडे होती. ती काढून त्यानं हातात धरलेली दिसत होती.

“बाहेर भिजतोय तो,” जयंती म्हणाली.

“येऊ दे. आपला आपण येऊ दे.”

नीलांबरी काठी न घेताच उठली, भिंतीला धरत दारापर्यंत गेली आणि दार उघडून ठेवलं. परत येऊन बसली. थंड वारा आत येत राहिला. आम्ही तिघंही दुसरीकडे बघत होतो.

तो आला. बूट काढले. सात आठवड्यांत, खरं तर एक वर्ष चार महिन्यांत, पहिल्यांदा माझ्यासमोर आला. पडद्यावर चेहरा कळतो, मान कळत नाही. मान बारीक झाली होती, शर्टाची कॉलर सैल.

“बाबा,” तो म्हणाला, “ॲपवर नव्हतं हो. मी रोज बघायचो. सोळा डिग्री, ऊन, एवढंच होतं.”

“ॲपवर शहराचं असतं.”

“हो.”

“रोज बघायचास फोनच्या आधी?”

“साडेपाचला. तुम्ही विचारणार म्हणून. वाऱ्याचा वेग पण लिहून ठेवायचो.”

खुर्चीतून न उठता भरलेले आकडे, पण किती नेटानं. मला हसू येत होतं आणि छातीवरच्या टाक्यांच्या जागी ओढल्यासारखं होत होतं, म्हणून मी हसलो नाही. जयंतीनं टॉवेल आणला आणि त्याच्या डोक्यावर टाकला. तो टॉवेलखालीच थोडा वेळ उभा राहिला. कुणी काढला नाही.

मग तो टेबलाशी येऊन बसला. मी वही उघडी ठेवली होती, शेजारी पेन. त्यानं ते पान पुन्हा वाचलं, सावकाश, जानेवारीच्या तापापर्यंत. मग आपल्या ओळीवर एक आडवी रेघ मारली. सरळ मारली, खालचं ‘कोरडी, तपकिरी’ वाचता येत होतं. वर काय लिहायचं यावर पेन थांबलं.

“त्या दिवशी काय होतं तुझ्याकडे?” मी विचारलं.

“गुरुवारी? पाऊस. दुपारी इंटरव्ह्यू होता, छत्री उलटी झाली.”

“तेच लिही.”

त्यानं लिहिलं, ‘ब्रेडा. पाऊस, वारा. ढग आठपैकी आठ. शिखरं नाहीत.’ बाजूला सही केली. लहानपणी करायचा तशी, पूर्ण नाव.

“इंटरव्ह्यूचं काय झालं?”

“नाही म्हणाले. आज सकाळी कळवलं.”

“परवान्याचे दिवस किती राहिले?”

“सदतीस.”

“सहा तारखेपर्यंत इथेच राहशील ना?”

“आता कुठे जाणार?” तो म्हणाला.

जयंतीनं ताट वाढून आणलं. मेथी, पोळी, चटणी. त्यानं दोन पोळ्या खाल्ल्या, तिसरी अर्धी हातात राहिली आणि त्याचं डोकं खाली झुकायला लागलं. नीलांबरीनं त्याच्या हातातला तुकडा काढून ताटात ठेवला. अर्ध्या जिन्यावर त्यानं विचारलं, बाबा, गोळ्या घेतल्या का? मी म्हटलं, झोप आता.

दुसऱ्या दिवशी तो दुपारपर्यंत उठला नाही. नीलांबरीनं दोनदा दार ढकलून बघितलं, श्वास चालू आहे ना अशा थाटात. राजनचा निरोप आला, डबा धुऊन ठेवा, मी शनिवारी येतो, आता मला भेंडी द्या.

पाच वाजता मी कॅमेरा उघडला. बर्फ घळींपुरता उरला होता, दोन शिखरं पुन्हा तपकिरी. नोंद करत होतो तेव्हा तो खाली आला, गालावर उशीच्या वळ्या, आणि माझ्या खुर्चीमागे उभा राहिला.

“हे उजवीकडचं ना, त्याच्या अलीकडून आमचा रस्ता जायचा,” तो म्हणाला. “ऑगस्टमध्ये सेहेचाळीस डिग्री होतं तिथे, बाबा. बर्फ पडेल असं वाटलंच नव्हतं.”

“बस,” मी म्हणालो. खुर्ची सरकवली.

तो बसला. आम्ही दोघं तो डोंगर बघत राहिलो. तास गेला असेल. सहा वाजले तेव्हा जयंतीनं सवयीनं फोनकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि विचारलं, “जेवणार का आत्ताच?”